पूर्वीचा चार्म

गणपती तोंडावर आले होते. दुपारची झोप नुकतीच लागत होती, तेवढ्यात फोन वाजला. दागिन्यांच्या एका दुकानाकडून एक तरुण मुलगा बोलत होता. त्यांना एका माहितीपुस्तिकेचं मराठी करून हवं होतं. शब्दाला दीड रुपया, मुदत शुक्रवारपर्यंत. "सोपं आहे सर," तो म्हणाला. "सगळं ब्रेसलेटबद्दलच आहे. चार्म ब्रेसलेट. एकच शब्द जरा पुन्हा पुन्हा येतो, बस."

तो शब्द बारा पानांत ४३ वेळा आला होता. दीड रुपयाने त्याचे साडेचौसष्ट रुपये होतात, हे मी झोपेतच काढलं आणि होकार देऊन टाकला.

संध्याकाळी पुस्तिका उघडली तेव्हा झोप उडाली. पहिल्या पानावर चार्म हा माणसाच्या अंगचा गुण होता. दुसऱ्या पानावर तो ब्रेसलेटला लोंबकळत होता. तिसऱ्यावर तो वाईट नजरेपासून रक्षण करत होता. चौथ्यावर तो क्रियापद होऊन दुसऱ्यांना घायाळ करत होता. आणि पाचव्या पानावर एक वाक्य होतं, ज्याचा शब्दशः अर्थ 'हा चार्म चार्मसारखा काम करतो' असा निघत होता. साडेचौसष्ट रुपयांत इतकं सगळं बसवायचं म्हणजे रेशनच्या पिशवीत हत्ती कोंबण्यातला प्रकार.

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "चार्म म्हणजे चार्म. आपण म्हणत नाही का, आता चार्म राहिला नाही म्हणून?"

म्हणतो की. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपण दुसरं काही म्हणतो का?

पुढचे तीन दिवस मी कान उघडे ठेवून हिंडलो. दूधवाला, बँकेतले सहकारी, सोसायटीचे सचिव, लोकलमधला ग्रुप, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द होता. गणपतीत पूर्वीचा चार्म राहिला नाही. दिवाळी अंकांत राहिला नाही. हापूसमध्ये राहिला नाही, कसोटी क्रिकेटमध्ये राहिला नाही, एसटीच्या लाल डब्यात तर अजिबातच राहिला नाही. सचिवांच्या मते सोसायटीच्या वार्षिक सभेतही तो राहिला नाही, कारण आता पूर्वीसारखी खुर्च्यांची फेकाफेक होत नाही. तीन दिवसांत एकाही मराठी माणसाने 'यात चार्म आहे' असं म्हटलं नाही. 'चार्म आला' असं तर आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेलं आठवत नाही. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. माझा अंदाज आहे की तिच्या दुसऱ्याच फेरीत खिडकीशी बसलेल्या कोणीतरी उपरणं सावरत शेजाऱ्याला सांगितलं असणार, की पहिल्या फेरीचा चार्म काही वेगळाच होता.

म्हणजे एवढा परका शब्द आपण साता समुद्रापलीकडून आणला, तो केवळ गेला म्हणून सांगायला. आल्याची नोंद नाही, फक्त मृत्यूचा दाखला.

खात्री करून घ्यावी म्हणून मी बायकोला म्हटलं, "तुझ्यात चार्म आहे."

तिने तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवला. "किती पैसे हवेत?"

बरं, या कामासाठी शब्द आणायची गरजही नव्हती. 'रया' आपल्याकडे आधीपासूनच होती आणि तीही आयुष्यभर फक्त जात आली आहे. वाड्याची रया गेली, चेहऱ्याची रया गेली, पेठेची रया गेली. ती आली कधी, राहिली किती दिवस, कोणाकडे उतरली होती, काही पत्ता नाही. 'कळा' गेली की निदान तिच्या जागी 'अवकळा' येते. रया गेली की नुसतीच गेली. त्रेचाळीस ठिकाणी 'रया' घालायचा मोह मला झाला होता. 'आपल्या मनगटाची रया' वगैरे. पण वाचणारी बाई ब्रेसलेट घेण्याऐवजी हाडांच्या डॉक्टरकडे गेली असती.

मग मी शब्दकोश घेऊन बसलो. मराठीत आकर्षणाला शब्द कमी आहेत असं कोणी म्हणत असेल तर त्याने ही यादी पाहावी. मोहिनी, भुरळ, भूल, गारूड, लळा, वेड, नाद, छंद. एकाहून एक. पण त्यांच्या पुढचं क्रियापद बघा. भुरळ पडते, भूल पडते. लळा लागतो, वेड लागतं, नाद लागतो. ठेचही लागते, उचकीही लागते, दृष्टही लागते आणि जुलाबही लागतात. कोणावर तरी जीव जडतो. मराठीत जीवाखेरीज जडणारी दुसरी ठळक गोष्ट म्हणजे रोग. आपल्या भाषेने प्रेमाची नोंद सर्दी, खोकला आणि हिवताप यांच्याच रजिस्टरमध्ये केली आहे.

भूल तर याहून पुढे गेली. सौंदर्याने पडते तीही भूल आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही भूल. त्यासाठी रीतसर भूलतज्ज्ञ असतात. माझ्या हर्नियाच्या वेळी जे भुलीचे डॉक्टर आले होते त्यांच्यात मोहक म्हणावं असं काहीच नव्हतं, पण त्यांच्याकडे बघता बघता मी आकडे मोजायचे विसरलो, एवढं खरं. कवी लोक आयुष्यभर ज्या अवस्थेची वर्णनं करतात ती या गृहस्थांनी बारा सेकंदांत आणली, आणि वेगळी पावती दिली.

इंग्रज माणूस चार्म स्वतःजवळ बाळगतो, खिशात पाकीट बाळगावं तसा. तो त्याचा असतो. मराठीत मात्र मोहक माणूस वाक्यात दुय्यम असतो. खरा मानकरी ज्याला बाधा झाली तो. 'मला भुरळ पडली.' चतुर्थी विभक्ती. शाळेत स, ला, ते घोकताना कोणी सांगितलं नाही, पण ताप ज्याला येतो त्याच विभक्तीत मराठी माणूस मोहात पडतो. भुरळ कोणी पाडली याची चौकशी नंतर, आधी पेशंटला आडवा करा.

आणि ज्याच्या अंगी हा गुण खरोखरच असतो त्याच्याशी आपण कसे वागतो? त्याला लाघवी म्हणतो. शब्द चांगला आहे, पण 'जावई फार लाघवी आहे हो' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न 'नोकरी कुठे आहे?' हा येतोच. कोणी दोन वाक्यं लागोपाठ गोड बोललं की आपण खिसा चाचपतो. गोड बोलण्यासाठी आपण वर्षातला एक दिवस ठरवून दिला आहे, तोही हातावर तिळगूळ ठेवून, समोरच्याला आठवण करून देऊन. आणि त्या सणाचं नाव काय? संक्रांत. तीही पुन्हा येते ती कोणावर तरीच.

ही भीती आजची नाही. मोहिनीची गोष्टच घ्या. समुद्रमंथनातून अमृत निघालं आणि वाटपावरून भांडण लागलं, तेव्हा विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं. म्हणजे मोहिनीचा पहिला उपयोग शृंगाराचा नाही, वाढप्याचा आहे. पंगतीत वाढणारी देखणी असली की आपल्या पानात काय पडलं याकडे कोणाचं लक्ष राहत नाही, हे ज्ञान दैत्यांना उपाशी राहून मिळालं. दुसऱ्या वेळी भस्मासुर तिच्याबरोबर नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून बसला. एक उपाशी, एक राख. पंगतीत वेश पालटून बसलेल्या राहूचं तर मुंडकंच उडालं. प्रवरेच्या काठचे लोक सांगतात की शिर पडलं ते राहुरी आणि काया पडली ते कायगाव. मोहाची एवढी काटेकोर भौगोलिक नोंद दुसऱ्या कुठल्या प्रांताने ठेवली असेल असं वाटत नाही. पुन्हा वर दोन्ही ठिकाणी एसटी थांबते.

त्याच प्रवरेच्या काठी नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. मोहिनी नाही, मोहिनीराज. आपल्या पूर्वजांना मोहिनी मान्य होती, पण तिच्यापुढे 'राज' लावून तिला जबाबदार गृहस्थ केल्यावरच. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच गावात, शके १२१२ म्हणजे १२९० साली. मोहाच्या दैवताच्या शेजारी बसून मोह कसा सोडावा हे सांगायचं आणि तेही इतक्या मोहक भाषेत, हे फक्त त्यांनाच जमावं. मी त्या देवळात दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा चप्पल कोणी नेली नाही, म्हणजे गावाने मोह बराच आवरला असावा.

'मोहिनी' ब्रेसलेटला चालेना. 'गारूड' करून पाहिलं. आणि इथे एक गंमत सापडली. चार्म हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला आणि फ्रेंचांनी तो लॅटिनमधल्या 'कारमेन'वरून घेतला. कारमेन म्हणजे गाणं, आणि मंत्रही. पुटपुटून किंवा गाऊन समोरच्याला बांधून टाकायचं, हा मूळचा धंदा. आपलं गारूडही तसंच. साप गरुडाला घाबरतात, म्हणून विष उतरवायचा मंत्र तो गारुड, ती विद्या जाणणारा तो गारुडी. मग त्याच्या हातात पुंगी आली, टोपली आली, मुंगूस आलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांचे खेळ बंद होत गेले, पण गारूड थांबलं नाही. ते संगीतसमीक्षकांनी चालवायला घेतलं. 'त्यांच्या स्वरांनी रसिकांवर गारूड केलं' हे वाक्य मी स्वतः निदान चाळीस वेळा छापून आणलं आहे. त्याचा अर्थ श्रोता हा नाग झाला. नागाला बाहेरचा कान नसतो आणि पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हलण्यावर त्याची नजर असते, हे कळल्यावर तर ही उपमा मला फारच चपखल वाटू लागली. पहिल्या रांगेतले कित्येक जण सूर ऐकत नाहीत, बुवांच्या हातवाऱ्यांबरोबर डोलतात. माझाही त्यात समावेश आहे.

बुधवारी रात्री आत्या आल्या. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम गौरीपर्यंत. मी पुस्तिका टेबलावर पसरून बसलो होतो. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि चित्रं बघितली. निळा डोळा, घोड्याचा नाल, चार पानांचं गवत, किल्ली, बदाम, एक उंच टाचेचा इवलासा बूट.

"हे सगळे ताईतच की रे," आत्या म्हणाल्या. "एकाच हातात एवढे? पोरगी फारच देखणी दिसते."

चार दिवस मी जो शब्द शोधत होतो तो त्यांनी पदराने चष्मा पुसता पुसता टाकला. ताईत. मूळ अरबीतला तावीज, आपल्याकडे येऊन इतका मुरला की लाडक्या माणसालाच आपण गळ्यातला ताईत म्हणू लागलो. खऱ्या ताईतात धातूच्या डबीत घडी घातलेला कागद असतो आणि त्यावर काय लिहिलंय हे घालणाऱ्याने कधी वाचलेलं नसतं. विमा पॉलिसीतही अगदी असंच असतं, आणि दोन्हीवर श्रद्धाही तेवढीच असते.

आत्यांनी मग मोजायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी एकेका पोराच्या अंगावर काय काय असे. मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या. कमरेला करगोटा. गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख, त्याच्या शेजारी बजरबट्टू. बजरबट्टू म्हणजे एका जातीच्या ताडाची गोल टणक बी. दाराला शनिवारी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा. आणि एवढं करूनही भागलं नाही तर गालावर काजळाची तीट.

"तीट कशाला?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण भाषांतरकाराने विचारावं.

"पोर फार गोजिरं दिसायला लागलं की लोक बघतात. लोक बघतात म्हणजे नजर लागते. म्हणून जरा बिघडवून ठेवायचं."

इथे मात्र मी पेन खाली ठेवलं. इंग्रज बाई मनगटात चार्म घालते ते लोकांनी बघावं म्हणून. आपली आई पोराच्या मनगटात तोच चार्म घालते ते लोकांनी बघू नये म्हणून. वस्तू तीच, लोंबकळते तशीच, पण हुकूम उलटा. देवाने दिलेल्या रूपावर स्वतःच्या करंगळीने डाग पाडणारी आई मला एकाएकी फार मोठी वाटली. भुरळ हा रोग आणि तीट ही त्याची लस. तीही देखण्या माणसाला टोचायची, म्हणजे साथ पसरणार नाही.

लस चुकली तर उपचार आहेतच. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन उतरवायच्या, इडा पिडा टळो म्हणायचं आणि विस्तवावर टाकायच्या. आत्यांची तपासणीची पद्धत तर कुठल्याही प्रयोगशाळेने घ्यावी अशी. मिरच्या जळून घरभर ठसका उठला, तर काही नव्हतं. ठसका उठला नाही, तर दृष्ट जबर होती. म्हणजे दोन्ही वेळा मिरच्या वायाच, पण निदान पक्कं. "आता त्यालाही कायद्याने बंदी आली का रे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथांसाठी आणि लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या मोहऱ्यांसाठी नाही. त्या थोड्या हिरमुसल्या. आपण एवढ्या वर्षांत काहीच बेकायदेशीर केलं नाही, हे कोणालाही आवडत नाही.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या मांत्रिक बाबांच्या जाहिराती मात्र त्या कायद्याच्या कक्षेत याव्यात अशा. प्रेम, वशीकरण, नोकरी, कोर्टकचेरी, परदेशगमन, सगळं चोवीस तासांत. एक गोष्ट पण मान्य केली पाहिजे. चार्म या शब्दाच्या साऱ्या छटा एका तळहाताएवढ्या कागदावर बसवणारा भाषांतरकार आजवर तोच एक झाला आहे.

गुरुवारी भाची आली. ती पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करते आणि मोदकांच्या वासाने घर शोधते. मी अडचण सांगितली.

"मामा, आमच्याकडे पण चार्म असतो."

"तुमच्या कॉलेजात?"

"क्वार्कमध्ये."

मग तिने मोदकाच्या सारणाचे गोळे करून आम्हाला विश्वाची रचना सांगितली. प्रोटॉन, न्यूट्रॉन हे क्वार्कचे बनलेले. सुरुवातीला तीन क्वार्क मानले होते, अप, डाउन आणि स्ट्रेंज. पण तिन्हीत जोडी जुळत नव्हती, एक विचित्र एकटाच राहत होता. १९६४ मध्ये ब्योर्कन आणि ग्लॅशो या दोघांनी सुचवलं की चौथा असला पाहिजे. त्याने मांडणी इतकी देखणी होत होती की त्याचं नाव त्यांनी चार्म ठेवलं. चार मुलींची स्थळं जमवणाऱ्या बापाला चौथा जावई दिसावा, तसा हा आनंद असणार. पुढे १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपोलस आणि मायानी यांनी दाखवलं की हा चौथा नसेल तर गणितातून काही नको त्या घडामोडी निघतात, ज्या प्रयोगात कधी दिसत नाहीत. चौथा आला की त्या आपोआप एकमेकींना मारून टाकतात.

"म्हणजे नको ते टळतं," आत्या म्हणाल्या.

"हो आजी."

"ताईत," आत्या म्हणाल्या, आणि मोदकाच्या पाऱ्या करायला लागल्या.

तो चौथा सापडला नोव्हेंबर १९७४ मध्ये, एकाच वेळी अमेरिकेच्या दोन टोकांना. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनला सॅम्युअल टिंग आणि कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला बर्टन रिक्टर. ११ तारखेला दोघांनी जाहीर केलं. एकाने त्या नव्या कणाचं नाव ठेवलं जे, दुसऱ्याने साय. कोणी मागे हटेना. शेवटी आजतागायत त्याला जे-साय म्हणतात, माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावणाऱ्या सुनेसारखं. १९७६ चं नोबेलही दोघांत वाटलं.

"पण खरी गंमत पुढे आहे," भाची म्हणाली. "त्या कणात एक चार्म आणि एक प्रतिचार्म असतो. म्हणून बाहेरून बघितलं तर एकूण चार्म शून्य. त्याला आमच्यात लपलेला चार्म म्हणतात."

बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात प्रथमच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडा झाल्यासारखा भाव होता.

"आणि उघड चार्म?" मी घाईने विचारलं.

"ते कण १९७६ मध्ये सापडले. पण ते टिकत नाहीत. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला साधारण एखादा भाग, एवढंच आयुष्य."

"मग काय होतं त्या चार्मचं?"

"बहुतेक वेळा तो स्ट्रेंज होतो."

"यासाठी एवढी यंत्रं लावली?" बायको म्हणाली. "कुठल्याही मंगल कार्यालयात विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

मी मात्र सुखावलो होतो. दूधवाला, सचिव आणि लोकलमधला ग्रुप हे तीन दिवस जे सांगत होते त्याला स्टॅनफर्डने दुजोरा दिला होता. चार्म राहत नाही. विश्वाच्या मुळातच त्याची सोय केलेली नाही. असतो तेव्हा लपलेला असतो, आणि उघड झाला की आपण 'होता' म्हणेपर्यंत विचित्र होऊन बसतो.

शेवटच्या पानावर फक्त किंमत होती, १,९९९. विक्रीच्या धंद्यात असल्या नव्व्याण्णवी किमतीलाही चार्मच म्हणतात. आपल्या पिढीला हे बाटाच्या दुकानाने शिकवलं. तिथे बुटांची किंमत कधी सरळ आकड्यात नसायचीच, पंचाण्णव पैसे मागे लागलेले असायचे. आमच्या घरात हे जंतर एकाच बाजूने चालतं. वस्तू बायकोने आणली तर ती एक हजारात आणलेली असते, मी आणली तर दोन हजारात.

गुरुवारी रात्री जागून मी काम पुरं केलं. गुणाला लाघव, लोंबकळणाऱ्याला लटकन, रक्षण करणाऱ्याला ताईत, क्रियापदाला भुरळ. आणि पाचव्या पानावरच्या त्या वाक्याला मी लिहिलं, 'हा ताईत हमखास लागू पडतो.' औषधासारखा. इतकं बेमालूम मराठी माझ्या हातून फार दिवसांत उतरलं नव्हतं. पहाटे दोनला मी ते स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं.

शनिवारी त्या मुलाचा फोन आला. "सर, मस्त झालंय. फक्त ताईत जरा जुनाट वाटतं म्हणाले आमचे साहेब. आणि लटकन ट्रकला असतं. आपण चार्मच ठेवूया."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. आणि सर, एक विनंती होती. ते ४३ शब्द भाषांतर झालेले नाहीत ना, म्हणून बिलातून साडेचौसष्ट रुपये वजा केलेत. त्याऐवजी एक सँपल पाठवतो, वहिनींना."

सँपल आलं ते गौरी बसल्या त्या दिवशी. बायकोने ते हळदीकुंकवाला घातलं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांनी तिचं मनगट हातात घेऊन एकेक ताईत उलटासुलटा करून पाहिला. कितीला म्हणून विचारलं. तिने दोन हजार सांगितलं, कारण आणणारा मी होतो. गौरी गेल्या त्या दिवशी कडी तुटली आणि निळा डोळा, नाल, गवत, किल्ली, बदाम सगळं स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडलं.

"मी काही बोलले नव्हते," आत्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना बोलायचं होतं.

तुकडे सुईदोऱ्याच्या डबीत गेले, शर्टाच्या सुट्या बटणांबरोबर. आत्यांनी त्यातून एकच उचलला. उंच टाचेचा बूट. तो त्यांना पहिल्यापासून पटला होता. बांधकामाच्या कोऱ्या भिंतीवर आणि नव्या ट्रकच्या मागे जुनी चप्पल टांगतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. इंग्रजांनीही शेवटी जोड्यालाच मानलं, याचं त्यांना समाधान होतं. त्या काळा दोरा घेऊन खाली उतरल्या, आणि वर आल्या तेव्हा बूट माझ्या स्कूटरच्या नंबरप्लेटखाली टाच वर करून लोंबत होता.

स्कूटर एकोणीस वर्षांची आहे. डावा आरसा नाही, सीटला चिकटपट्टी आहे, उताराशिवाय ती चालू होत नाही. तिच्यात दृष्ट लागण्यासारखं काय उरलंय, हे आत्यांना विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या दोन जिने उतरून गेल्या होत्या. मी नुसती मान डोलावली.